झिजलेली देवी

महादेवराव भुयारांना कोणी छंद विचारला की ते आधी समोरच्या माणसाला नीट न्याहाळायचे. ऐकून घेणारा वाटला तर “इराणी चांदी” म्हणायचे. नुसता वेळ काढणारा वाटला तर “बागकाम” म्हणून मोकळे व्हायचे. बागेत त्यांच्या एक कढीपत्ता होता आणि तोही विमलबाईंनी लावलेला होता.

अमरावतीला गाडगेनगरात दुमजली घर, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्ती, एकुलती मुलगी प्राजक्ता लग्न होऊन हैदराबादला. अशा माणसाने सकाळी फिरायला जावं, दुपारी पेपर वाचावा, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोबडं बोलावं. महादेवराव वरच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजांच्या दाढ्या भिंगातून बघत बसायचे. “त्या दाढीवाल्यायलेच सांगा आता जेवाले वाढाले,” असं विमलबाई खालून ओरडल्या की मग कुठे ते जिन्यावर दिसायचे.

हे वेड लागलं अचलपूरच्या शाखेत. तिथल्या एका म्हाताऱ्या मौलवींनी त्यांना एक चांदीचं नाणं दाखवलं आणि त्यावरचं इराणच्या शहाचं नाव वाचून दाखवलं. एवढ्या लांबचा राजा आपल्या वऱ्हाडात काय करत होता, हा प्रश्न महादेवरावांच्या डोक्यात जो घुसला तो परत निघालाच नाही. मौलवींकडून ते फारसी अक्षरं शिकले. मग नाणी येत गेली. काजारी शहांचे किरान आले, सफवी शहांच्या अब्बासी आल्या. चांदीची तार दुमडून तिच्यावर शिक्का मारलेली एक लारी आली. ती विमलबाईंनी केसांचा आकडा समजून अंबाड्यात खोचली होती आणि त्या दिवशी त्या घरात जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

पण त्यांचा खरा जीव सासानी नाण्यांत. इराणात इस्लाम येण्याआधीचे हे अग्निपूजक राजे. नाणं म्हणजे पातळ, रुंद चांदीचा गोल. एका बाजूला राजाचा मुकुट घातलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला अग्नीची वेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना उभे दोन रखवालदार. मुकुटावरून राजा ओळखायचा, कारण प्रत्येकाने आपला मुकुट वेगळा घडवलेला. आल्बमच्या एका पानावर महादेवरावांनी ही सगळी रांग लावली होती. त्या रांगेत शेवटाकडे एक खिडकी रिकामी होती. ती राणी बोरानची. एवढ्या दाढीवाल्यांच्या गर्दीत एकटीच्या चेहऱ्याचं नाणं पाडणारी बाई. गादीवर फार टिकली नाही, म्हणून तिची नाणी थोडी. महादेवरावांनी मुंबईपर्यंतचे व्यापारी पालथे घातले होते. हाताला लागत होती ती खोटी निघायची आणि खरी होती ती नुसती दाखवून परत कपाटात जायची. आल्बम उघडला की भरलेल्या खिडक्या त्यांना दिसतच नसत, ती एक रिकामी तेवढी दिसायची.

नाणी मिळवण्याची त्यांची एक रीत होती. वस्तू आवडली की चेहरा पाडायचा. “काठ खाल्ला आहे हो.” “शिक्का सरकलाय.” “फारच घासलंय.” एवढं म्हणून नाणं परत ठेवायचं आणि चपला घालायला लागायचं. समोरच्याच्या मनातून वस्तू एकदा उतरली की ती आपोआप आपल्या हातात येते, असं ते नवशिक्या संग्राहकांना सांगत. कितीतरी घरांतून त्यांनी अशा वस्तू उचलल्या होत्या. रात्री झोप मात्र व्यवस्थित लागायची, कारण आपण कोणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलंच नाही. हे तर व्यवहाराचं बोलणं होतं.

त्यांची थोरली बहीण पार्वताबाई पातूरला दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि तिचा मुलगा विपुल, बाहेर काळीभोर ओलिताची जमीन, कपाशी, तूर, दारात ट्रॅक्टर. कशाची ददात नव्हती. दुःख एकच होतं, विपुलचं लग्न जमत नव्हतं. पोरीवाल्यांना नोकरीवाला पाहिजे, नाहीतर निदान अकोल्यात फ्लॅट पाहिजे. पोरगा सुपारीसुद्धा खात नाही, हे कोणी विचारतच नव्हतं. विपुल पस्तिशीला टेकला होता आणि हल्ली कोणाच्या लग्नाला जायचं म्हटलं की त्याला शेतात हमखास काम निघायचं.

त्या वर्षी घट बसायच्या दिवशी महादेवराव पातूरला होते. पार्वताबाईंचे गुडघे धरले होते.

“महादेवा, माह्यानं खाली बसनं होत नाही आता. तुही आंघोळ झालीच हाये, तं देव तेवढे घासून दे.”

लहानपणी तिने सांगितलेलं काम कधी टाळलं नव्हतं, आताही टाळलं नाही. ते देव्हाऱ्यासमोर पाटावर बसले. चिंच, रांगोळीची पूड, तांब्याभर पाणी. कुलस्वामिनीचा टाक झाला, खंडोबाचा झाला, घराण्यातल्या वीराचा झाला. सगळे चौकोनी, पातळ चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवलेले, सराफ्यात मिळतात तसेच. शेवटी एक गोल टाक हातात आला. त्यावर शेंदराचा इतका जाड थर होता की खाली काय आहे ते कळत नव्हतं.

“ही कोन व अक्का?”

“ते विहिरीची देवी. माह्या आजेसासऱ्याले विहीर खनताना भेटली. कुळाची नोहे, पन घरातलीच झाली आता. बाकीच्या देवायसंगं तिलेही न्हाऊ घालतो आमी.”

महादेवरावांनी चिंचेचा गोळा दाबून फिरवला. शेंदूर सुटला. काठाजवळ मोत्यांची गोल माळ दिसली, माळेच्या बाहेर चंद्रकोर आणि तिच्या पोटात चांदणी. त्यांचा हात थांबला. आयुष्यात कधी नाण्याच्या तोंडावर अंगठा टेकवला नव्हता या माणसाने; कडेला धरायचं, श्वाससुद्धा जपून सोडायचा. आणि आता ते चिंच-रांगोळीने घासत होते. चिंच बाजूला ठेवून त्यांनी नुसत्या पाण्याने, बोटाच्या पेराने हलकेच पुसलं. आधी मुकुट आला, दोन पंखांचा. मग खांद्यावर सुटलेली वेणी. दाढी नव्हती.

नाक जवळजवळ गेलं होतं. या घरातल्या बायांच्या तीन पिढ्यांनी दर नवरात्रात त्या गालावरून चिंच फिरवली होती. पण मुकुट शाबूत होता, वेणी शाबूत होती. त्यांनी टाक उलटा केला.

“मांगच्या अंगानं दिवा हाये अन् दोन भालदार हायेत,” पार्वताबाई खुर्चीवरून म्हणाल्या. “माह्ये सासरे दाखवत सगळ्यायले.”

दिवा म्हणजे अग्नीची वेदी होती आणि भालदार म्हणजे ते दोन रखवालदार. महादेवरावांनी मोबाईल काढला.

“देवाचा फोटो काहून काढून राहिला?”

“विमलले दाखवतो,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

पार्वताबाई त्यांच्याकडे बघत होत्या. थोडं हसल्या आणि मग फुलांच्या परडीकडे वळल्या.

अमरावतीला परतल्यावर त्यांनी पुस्तकं काढली, फोटो मोठा करून मुकुट, वेणी, काठावरची अक्षरं सगळं पडताळलं. बोरानच होती. कोणत्या वाटेने आली, कोणाच्या कमरेच्या थैलीत बांधून पातूरच्या मातीत उतरली, ते कळायला मार्ग नव्हता. आपण मुंबईपर्यंत शोधत फिरलो आणि ती सख्ख्या बहिणीच्या देव्हाऱ्यात शेंदूर फासून बसली होती, या विचाराने त्यांना हसूही येत होतं आणि रागही येत होता.

आता साधं काम होतं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, अक्का, ती तुझी देवी नाही, इराणची राणी आहे, मला पाहिजे. पण हे वाक्य महादेवरावांच्या तोंडून निघेना. मागितलं आणि ती नाही म्हणाली तर? देव कोणी मागतं का, असं म्हणाली तर? विपुल दिवसभर मोबाईलवर असतो, त्याने दोन मिनिटांत शोधून काढलं तर? आणि खरं सांगायचं तर मागणं हेच त्यांना जमत नव्हतं. बहिणीकडे ते नेहमी देणारे म्हणून गेले होते. साडी घेऊन, मिठाई घेऊन, भाच्याच्या फीचे पैसे घेऊन. हात पसरलेला महादेव तिने पाहिला नव्हता आणि तो दाखवायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी आपली ती नेहमीची रीत काढली. वस्तू मनातून उतरवायची.

भाऊबीजेला ते पातूरला गेले. पार्वताबाईंनी पाट मांडला, रांगोळी काढली. ओवाळणीच्या ताटात निरांजन, सुपारी, अंगठी, आणि कडेला लाल फडक्याची एक छोटी गाठोडी होती. महादेवरावांचं तिकडे लक्ष गेलं, पण नारळाचे तुकडे वगैरे असतील म्हणून त्यांनी मनात घेतलं नाही. मनात तर गाडीत बसल्यापासून घोकत आणलेलं वाक्य होतं.

ओवाळून झालं. पार्वताबाईंनी ताट खाली ठेवलं आणि त्या म्हणाल्या, “महादेवा, यंदा मले तुले एक—”

“थांब अक्का, आधी माह्यं आयक,” महादेवराव म्हणाले. वाक्य ओठावर आलेलं होतं आणि ते आता थांबलं तर राहून जाईल अशी त्यांना भीती वाटली. “नवरात्रापासून सांगीन सांगीन म्हणून राहिलो. ते विहिरीची देवी हाये ना, ते पार झिजली. नाक नाही, डोळे नाहीत.”

“हो, झिजली थोडी.”

“थोडी? अक्का, चेहरा गेलेला टाक घरात पुजत नसतात. मोठ्या मोठ्या जानकारायले विचारलं मी. अशा घरात मंगलकार्य अडून राहते.”

हे म्हणताना त्यांनी ओसरीवर बसलेल्या विपुलकडे एक नजर टाकली. मुद्दाम टाकली. विपुल मोबाईलवरून बोट उचलून तसाच बसून राहिला होता.

पार्वताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विपुलकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि ताटातली ती लाल गाठोडी हळूच उचलून पदराखाली घेतली.

“मंग काय कराव म्हणतं?”

“कायी नाही. मी अमरावतीहून नवा टाक आनतो. जुनी माह्याजवळ दे. कौंडण्यपूरले वर्धा नदीत सोडून देतो. विधीपूर्वक. तू चिंता नको करू.”

“आमच्या तानुबाई जाऊले इचारतो. घरातली मोठी हाये ते. मंग सांगतो तुले.”

“इचार, इचार. पन लवकर कर.”

मग महादेवरावांना आठवलं. “तू काय म्हणून राहिली होती?”

“काही नाही रे,” पार्वताबाई म्हणाल्या. “जेवाले बस.”

जेवताना त्यांनी नेहमीसारखा आग्रह केला नाही. महादेवरावांना वाटलं, मासा गळाला लागला. परतीच्या बसमध्ये ते गुणगुणत होते, आणि ती गोष्ट पुढे त्यांना इतकी लागली की नुसतं गुणगुणणं आठवलं तरी तोंड कडू व्हायचं.

दिवाळीनंतर फोन येईना. दोनदा त्यांनीच केला. “होईन होईन,” एवढंच ती म्हणाली. आणि मग कार्तिक संपता संपता एका सकाळी तिचा आवाज असा आला की त्यांना तो ओळखूच आला नाही.

“महादेवा, विपुलचं जमलं!”

मोर्शीची पोरगी. आचल नाव. बाप संत्र्याचा बागायतदार, पोरीने स्वतःच सांगितलं की मला शेतकरी चालतो, पण फवाऱ्याचा हिशेब मी पाहीन. विपुलला ते फारच आवडलं होतं. पार्वताबाई एका दमात सगळं सांगत होत्या.

“तू म्हणला अन् मी देवीपुढं हात जोडले. म्हनलं, बाई, तुले नवं रूप देतो, आमचं अडलेलं मोकळं कर. आठ दिवस नाही झाले तं मोर्शीहून निरोप आला! महादेवा, तुह्या तोंडून देवीच बोलली पाह्य. आता उशीर नको. सोमवारी अकोल्याले ये, सराफ्यात, मोतीराम सोनाराच्या दुकानी. जुन्या देवीचं तुह्याच हातानं करा लागन.”

“येतो,” महादेवराव म्हणाले. भाच्याचं लग्न जमल्याचा आनंद त्यांना झाला नाही असं नाही. पण त्या आनंदाला बाजूला सारून ‘तुह्याच हातानं’ हे दोन शब्द आधी पुढे येऊन उभे राहिले.

सोमवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. नाणं ठेवायची गोल पारदर्शक डबी, आत मऊ कापड असलेली, खिशात टाकली. बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं तेव्हा त्यांनी खिसा एकदा चाचपून पाहिला. आल्बममधली खिडकी आज संध्याकाळी भरणार होती.

मोतीरामचं दुकान सराफ्याच्या आतल्या बोळात. पुढे गादी, मागे भट्टी. पार्वताबाई गादीच्या कडेला बसल्या होत्या, नवी कोरी साडी, हातात तीच लाल फडक्याची गाठोडी. विपुल उभा होता. त्याने वाकून मामाच्या पायाला हात लावला आणि एवढा मोठा पोरगा लाजला. महादेवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“नवा टाक कुठं हाये?” त्यांनी विचारलं. “दाखव बरं.”

“तो अजून व्हायचा हाये,” पार्वताबाई म्हणाल्या. “तानुबाई म्हणते, देव बदलते तवा सत्त्व बदलू नये. जुनीची चांदी नवीत गेली पाह्यजे. आमच्या घरात तसंच करत आले. अन् ज्याच्या तोंडून देवीनं सांगतलं त्याच्याच हातानं ते मुशीत सोडाव.”

मागे मोतीरामने मूस भट्टीवर चढवली होती. मातीची छोटी वाटी, तांबडी होत चाललेली. महादेवराव तिच्याकडे बघत राहिले.

“अक्का, आटवाची काय गरज हाये? मी म्हनलं होतं ना, वर्धेत सोडतो म्हणून. तेच बरं.”

“पाण्यात टाकली तं सत्त्व गेलं ना.”

“मंग मले दे. आठवण म्हणून ठेवतो. आपल्या घरची वस्तू.”

पार्वताबाई त्यांच्याकडे बघून हसल्या, नवरात्रात हसल्या होत्या तशाच.

“खरं सांगू काय तुले? माह्या मनात तेच होतं. तू देव घासत होता ना, तवा कसा पाहत होता तू तिच्याकडं! लहानपनी जत्रेत चक्रीकडं पाहत असे, मागत नसे, निरा पाहत असे. मले समजलं, महादेवाले हे पाह्यजे, त्याच्या त्या नान्यायत ठेवाले. विपुलले म्हनलं, आपन नवी करू, ही मामाले देऊ. माहेरी दिली तं कुठं गेली? भाऊबीजेले तुले देवाले म्हणून बांधून ताटात ठेवली होती.” त्यांनी गाठोडी जराशी उचलून दाखवली. “तितक्यात तूच म्हनला, अशी देवी घरात असली की मंगलकार्य अडते. मंग मी तुह्या घरात कशी देऊ? प्राजक्ता हाये, तिचं लेकरू हाये. जे आमच्या घराले चालत नाही ते तुह्या घराले चालन काय?”

विपुल म्हणाला, “मामा, आई तं रडली होती त्या दिवशी. म्हणे, वेळेवर सांगतलं महादेवानं, नाहीतं मी अपशकून बांधून देत होती भावाले.”

महादेवरावांच्या डोळ्यांसमोर भाऊबीजेचं ते ताट आलं. ताटात होती. निरांजनाच्या शेजारी, हातभर अंतरावर, त्यांच्यासाठी बांधून ठेवलेली होती. एक मिनिट गप्प बसले असते तर तिने ती त्यांच्या ओंजळीत ठेवली असती.

पार्वताबाईंनी गाठ सोडली, देवीला कुंकवाचं बोट लावलं आणि ती भावाच्या तळहातावर ठेवली. महादेवरावांच्या बोटांनी आपोआप तिला कडेला धरलं. दोन पंखांचा मुकुट, वेणी, चंद्रकोरीतली चांदणी. अजूनही वेळ होता. एवढंच म्हणायचं होतं, अक्का, मी खोटं बोललो. देवी झिजली म्हणून काही अडत नाही. मला ती लुबाडायची होती म्हणून मी तुझ्या पोराच्या न जमणाऱ्या लग्नावर बोट ठेवलं. हे म्हटलं असतं तर नाणं वाचलं असतं, कदाचित तिने ते दिलंही असतं. पण मग ती त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती तशी पुन्हा कधी बघितली नसती. आणि विपुल समोर उभा होता, भोळ्या चेहऱ्याचा, कालपरवापर्यंत जगाने नको म्हटलेला.

नाणं हवं होतं आणि मानही हवा होता. महादेवरावांनी दोन्हींचा हिशेब मनातल्या मनात केला. आपल्या अब्रूची किंमत आपल्याला एवढी वाटते हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि कळून काही चांगलं वाटलं नाही.

“सोडा साहेब,” मोतीराम म्हणाला. “मूस तयार हाये.”

त्यांनी सोडली.

मोतीरामने गॅसची ज्योत तिच्यावर धरली. आधी कुंकू काळं पडून जळालं. मग क्षणभर चेहरा असा स्वच्छ उठून दिसला की इतक्या वर्षांत कोणाला दिसला नसेल; गेलेलं नाकसुद्धा त्यांना दिसल्यासारखं वाटलं. मग कडा आत वळल्या, वेणी गेली, मुकुट गेला, आणि मुशीत चकाकणारा एक थेंब थरथरत राहिला.

“चांदी मोठी चोख हो,” मोतीराम म्हणाला. “जुन्या काळची. आता कुठं भेटते अशी?” आणि त्याने त्यात सराफ्यातली नवी चांदी टाकली.

मग पुढचं सगळं भराभर झालं. ओतणं, ठोकणं, पत्रा करणं, पोलादी ठशावर ठेवून हातोडा मारणं. तासाभरात नवी देवी तयार. चौकोनी, मोठाल्या डोळ्यांची, हातात त्रिशूळ, नाकात नथ. मोतीरामच्या त्याच ठशावरच्या तशाच देव्या पुढच्या काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या होत्या.

“पाह्य महादेवा,” पार्वताबाई हरखून म्हणाल्या, “आता कसे नाकडोळे ठसठशीत दिसतात! पहिले तू पाया पड. तुह्यामुळंच झालं हे.”

महादेवराव वाकले. कपाळ नव्या चांदीला टेकलं तेव्हा ती अजून कोमट होती. डोळ्यांत पाणी आलं. ते बघून पार्वताबाईंनाही आलं आणि त्यांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाकताना खिशातली डबी गादीवर पडली होती. विपुलने उचलून दिली.

“हे काय हाये मामा?”

“काही नाही. रिकामी हाये.”

“बरं झालं आणली,” पार्वताबाई म्हणाल्या. त्यांनी डबी उघडली, आतलं मऊ कापड बोटाने नीट दाबलं, नव्या देवीच्या पायाशी वाहिलेलं कुंकू चिमटीने त्यात भरलं आणि झाकण घट्ट लावून दिलं. “विमलले देजो. म्हणा, देवी नवी झाली, हे पहिलं कुंकू तुह्यं.”

संध्याकाळच्या गाडीत महादेवरावांना खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारच्याने सहज बोलणं काढलं, कुठले, काय करता, रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो.

“बागकाम,” महादेवराव म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बसून राहिले.